रायफल कुणाच्या हातात आहे?

(ज्यांना ऐकायचंय त्यांनी हेडफोन लावा, ज्यांना वाचायचंय त्यांच्यासाठी खाली सगळं आहे. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे दर दोन मिनिटांनी येणारे 'ॲक्च्युअली' आणि 'म्हणजे बघा' काढून टाकलेत.)

तुमच्यातले निम्मे तरी आत्ता गाडीत उभे असणार, एक हात वरच्या कडीला आणि एका हातात फोन. म्हणून गाडीपासूनच सुरू करतो.

३१ जुलै २०२३. सोमवार होता. सकाळी मी विरार स्टेशनवर नेहमीच्या गाडीची वाट बघत होतो आणि आमच्या डब्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला, "मीरा रोडला फायरिंग झालंय." त्याखाली लगेच दोन हसणारे इमोजी. एकाने लिहिलं, "फायरिंग नाही रे, ओव्हरहेड वायर असेल." आपल्याला सवय असते ना, पश्चिम रेल्वेवर काहीही झालं की पहिला प्रश्न एकच, गाड्या किती लेट? मीही तोच विचारला होता. हे आधीच कबूल करून टाकतो.

झालं होतं असं. जयपूरहून मुंबई सेंट्रलला येणारी सुपरफास्ट एक्स्प्रेस. गाडीत आरपीएफची, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाची, चार जणांची एस्कॉर्ट पार्टी होती. सूरतला चढलेली. तिचे प्रमुख होते एएसआय टीकाराम मीना. पहाटे पाचच्या सुमारास, गाडी आपल्या पालघर जिल्ह्यातून येत असताना, त्यांच्याच पार्टीतल्या एका कॉन्स्टेबलने ऑटोमॅटिक रायफलने त्यांना गोळ्या घातल्या. मग तो डब्यांतून पुढे गेला आणि वेगवेगळ्या ठिकाणी तीन प्रवाशांना मारलं. त्या तिघांपैकी एक जण आपल्या नालासोपाऱ्यात राहणारे होते. घरी यायला त्यांना किती वेळ उरला होता, विचार करा. वैतरणेची खाडी ओलांडली की आपल्याला वाटतं ना, आलं घर, बॅग खांद्याला लावा. तेवढाच.

साखळी ओढली गेली, मीरा रोड आणि दहिसरच्या मध्ये गाडी थांबली, तो रुळांवर उतरला आणि पकडला गेला. बोरिवली रेल्वे पोलिसांनी गुन्हा नोंदवला. पुढे त्याला नोकरीतून बडतर्फ केलं, आरोपपत्र दाखल झालं. गुन्ह्याबद्दलचा निवाडा कोर्ट देईल, तो माझा विषय नाही. मी त्याचं नावही घेत नाहीये, तुम्हाला सर्च करून मिळेल. मला बोलायचंय ते गोळी सुटायच्या आधीच्या दोन-अडीच तासांबद्दल.

त्या पार्टीतल्या दुसऱ्या एका कॉन्स्टेबलने पोलिसांना जबाब दिला होता. तो तेव्हा वर्तमानपत्रांत सविस्तर छापून आला. मी तो तीनदा वाचला. त्या जबाबानुसार हा माणूस ड्युटीवर असतानाच म्हणत होता की मला बरं वाटत नाही, मला वलसाडला उतरू द्या. एएसआयनी त्याला समजावलं, दोन तासांची ड्युटी राहिलीये, मुंबईला गेल्यावर आराम कर. तो ऐकेना. मग वर फोन झाले, कंट्रोल रूमला विचारलं. तिथूनही निरोप तोच, ड्युटी पूर्ण करू दे. एएसआयनी सहकाऱ्याला सांगितलं, याला जरा आडवा होऊ दे, याची रायफल तू सांभाळ. दहा-पंधरा मिनिटांत तो उठला, रायफल मागायला लागला. सहकाऱ्याने दिली नाही, तर त्याने त्याचा गळा आवळला आणि रायफल हिसकावली. हिसकावण्याच्या गडबडीत चुकून सहकाऱ्याची रायफल त्याच्याकडे गेली.

आता पुढचं नीट ऐका. सहकारी एएसआयकडे गेला. दोघांनी जाऊन त्याला सांगितलं की तू चुकीची रायफल घेतलीयेस. त्याने ती परत केली. आणि त्याला त्याची स्वतःची रायफल मिळाली.

मी हा भाग वाचून बराच वेळ तसाच बसलो होतो. कारण मला त्या दोघांचा राग येत नव्हता, अजूनही येत नाही. त्यांतल्या एकाचा तर जीवच गेला. ते नियमाने वागले. प्रत्येक रायफलला नंबर असतो, ती ज्याच्या नावावर इश्यू झाली त्याच्याकडेच पाहिजे, उद्या हिशेब द्यायचाय. कुणाची रायफल कुणाकडे, हा घोळ त्यांनी बरोबर निस्तरला. पण ज्याने आत्ता सहकाऱ्याचा गळा धरला त्याच्या हातात रायफल असावी का, हे ठरवण्यासाठी त्यांच्याकडे कुठला नियम होता? धावत्या गाडीत, पहाटे, एका एएसआयला "तुझं हत्यार जमा कर, तू आता ड्युटीवर नाहीस" असं म्हणता येतं का? आणि म्हटलं तर दुसऱ्या दिवशी त्यालाच कुणी विचारणार नाही ना, की ड्युटी अर्धवट का सोडवलीस?

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, तुम्हाला माहीतच आहे. आमच्याकडे प्रॉडक्शनचा डेटाबेस, म्हणजे लोकांचा खराखुरा डेटा जिथे असतो तो, कुणालाही हाताळता येत नाही. परवानगी दोघांनी द्यावी लागते, ती काही तासांनी आपोआप संपते, आणि रात्री ऑन-कॉल असताना मी नुसतं लिहिलं की मला ताप आहे, तर दुसरा माणूस पुढे येतो. कारण विचारत नाहीत, आधी ॲक्सेस काढतात. हे सगळं कशासाठी, तर कुणाची ऑर्डर डिलीट होऊ नये म्हणून. ऑर्डर! मी ही तुलना एका मित्राला सांगितली तर तो म्हणाला, तुम्हा आयटीवाल्यांना सगळ्यात सर्व्हरच दिसतो. असेल. पण मला फरक दिसतो तो सांगितला.

आता, घटनेनंतर लगेच काय चर्चा झाली आठवतं? "मानसिक रुग्ण होता." रेल्वे मंत्रालयाचं एक पत्रकही आलं, की शेवटच्या नियमित वैद्यकीय तपासणीत असा कुठला आजार आढळला नव्हता, त्याने खासगीत उपचार घेतले, त्याने आणि घरच्यांनी ते लपवून ठेवलं. ते पत्रक नंतर मागे घेतलं गेलं. मग व्हिडिओ बाहेर आले, त्यात तो प्रेताशेजारी उभा राहून धर्म आणि राजकारण बोलताना दिसतो. मेलेले तिन्ही प्रवासी मुस्लिम होते. खुनाबरोबरच धर्माधर्मांत तेढ निर्माण करण्याचं कलमही त्याच्यावर लागलं. डिसेंबर २०२३ मध्ये सेशन्स कोर्टाने जामीन नाकारताना म्हटलं की त्याच्या बोलण्यावरून तो विशिष्ट समाजाच्या लोकांना मारायच्या निश्चयाने वागत होता असं दिसतं. त्याच्यावर आधीही शिस्तभंगाच्या तक्रारी होत्या, असं पुढे पेपरांत आलं.

इथे मला एक गोष्ट ठामपणे बोलायचीये. मन आजारी असणं आणि मनात द्वेष असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लॉकडाऊननंतर मी स्वतः काउन्सेलरकडे जात होतो, सहा-सात महिने. माझ्या टीममध्ये दोघं जण गोळ्या घेतात. आम्ही कुणाच्या अंगावर धावूनही गेलेलो नाही. त्यामुळे "वेडा होता" म्हणून विषय मिटवला की आमच्यासारख्या माणसांवर उगाच शिक्का बसतो, आणि द्वेषाचा प्रश्न तसाच राहतो. बंदूक द्यायच्या आधी दोन्ही बघायला हवं. हा माणूस ताणाखाली कसा वागतो, आणि समोरच्याचं नाव किंवा कपडे बघून याच्या डोक्यात काय चालू होतं.

बघतात का? आता घरातलीच गोष्ट सांगतो.

माझा मावसभाऊ पोलीस भरतीची तयारी करतोय. तिसरा प्रयत्न आहे. पहाटे साडेचारला उठून जीवदानीच्या पायऱ्या चढतो, चढून-उतरून मग अर्नाळ्याच्या वाळूत धावतो. त्याच्यासोबत दहा-बारा पोरं असतात, काही वाड्याची, काही विक्रमगडची, इथे खोली करून राहिलेली. कुणी रात्री वॉचमनची नोकरी करतो, कुणी डिलिव्हरी. तुम्ही सकाळी लवकर बाहेर पडत असाल तर बघितली असतील, एका बाजूला पाण्याच्या बाटल्या ठेवलेल्या, चपला ओळीने मांडलेल्या आणि पोरं अनवाणी पळतायत.

मी त्याला म्हटलं, मला भरती समजावून सांग. त्याने मला असं काही सांगितलं की जणू मीच उद्या मैदानात उतरणारे. बारावी पास पाहिजे. मुलांना उंची १६५ सेंटिमीटर. छाती न फुगवता ७९ आणि फुगवून पाच सेंटिमीटर जास्त. मैदानी चाचणी ५० मार्कांची. १६०० मीटर धावणं २० मार्क, १०० मीटर १५, गोळाफेक १५. सोळाशे मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत मारलं तर पैकीच्या पैकी. गोळा ७.२६ किलोचा, साडेआठ मीटर गेला पाहिजे. त्यानंतर लेखी १०० मार्कांची, त्यात अंकगणित, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरण.

"बुद्धिमत्ता चाचणीत काय असतं?"

"संख्यामालिका. दिशा. आरशातलं घड्याळ. आणि नातीगोती, दादा, म्हणजे फोटोकडे बोट दाखवून एक बाई म्हणते की याच्या आईचा एकुलता एक भाऊ वगैरे."

"आणि तू रागीट आहेस का, हे कोण बघतं?"

तो हसला. म्हणाला, "ते मावशीला विचार." म्हणजे माझ्या आईला.

मेडिकल होतं, डोळे, कान, सगळं. चारित्र्य पडताळणी होते, म्हणजे तुझ्यावर गुन्हा दाखल आहे का ते बघतात. ते योग्यच आहे. मग साधारण नऊ महिन्यांचं ट्रेनिंग, कवायत, कायदा, हत्यारं. आपल्या पोरांची मेहनत बघून माझा जीव तुटतो, मी त्यांना कमी लेखत नाहीये. पण या सगळ्यात त्या पोराला बसवून कुणी विचारत नाही की तुला शिव्या देणारा, तुझ्यावर थुंकणारा माणूस समोर आला तर तू काय करशील. आरपीएफच्या कॉन्स्टेबल भरतीतही तसंच. कॉम्प्युटरवर परीक्षा, धावणं, उडी, मोजमाप, कागदपत्रं.

आणि आता गंमत बघा. गंमत नाही म्हणवत, पण बघा. त्याच रेल्वेत असिस्टंट लोको पायलट व्हायचं असेल, तर लेखी परीक्षांनंतर वेगळी ॲप्टिट्यूड चाचणी असते. पोरं तिला सायको टेस्ट म्हणतात. लक्ष किती टिकतं, डोळ्यांना दिसलेलं मेंदूत किती लवकर उतरतं, असलं सगळं तपासतात. त्यात अनेक भाग असतात, प्रत्येक भागात किमान ४२ टी-स्कोअर लागतो आणि त्यात कुणालाही सवलत नाही. एका भागात कमी पडलात की बाहेर. स्टेशन मास्तरसाठीही अशी चाचणी आहे. म्हणजे रेल्वेला हे शास्त्र माहीत आहे. इंजिनात बसणाऱ्या माणसाचं डोकं कसं चालतं हे तिला तपासता येतं. त्याच इंजिनाच्या मागच्या डब्यात भरलेली रायफल घेऊन बसणाऱ्या माणसाच्या बाबतीत मात्र ते आवश्यक वाटलेलं नाही.

सैन्यात अधिकारी व्हायला जाणाऱ्यांना एसएसबीत पाच दिवस ठेवतात, चित्र दाखवून गोष्ट लिहायला लावतात, शब्द दाखवून पहिला विचार लिहायला लावतात. मी थर्ड इयरला असताना भोपाळला जाऊन आलोय. बाहेर पडलो, तेही दुसऱ्याच दिवशी. त्यामुळे मला हेही माहीत आहे की या चाचण्या काही जादूची कांडी नाहीत. क्लासेस निघतात, पाठ केलेली उत्तरं मिळतात. उद्या पोलीस भरतीला अशी चाचणी आली तर परवा विरार पूर्वेला बोर्ड लागेल, "सायको बॅच सुरू, पहिल्या पन्नास विद्यार्थ्यांना सवलत." लागेल की नाही सांगा!

म्हणून विसाव्या वर्षी एकदा चाचणी घेऊन भागणार नाही. संयुक्त राष्ट्रांची १९९० ची हवानाची तत्त्वं आहेत, पोलिसांनी बळ आणि बंदूक कशी वापरावी याबद्दल. त्यातलं अठरावं तत्त्व म्हणतं की माणसं निवडताना त्यांचे नैतिक, मानसिक आणि शारीरिक गुण नीट पारखा, त्यांना सतत प्रशिक्षण द्या, आणि ते अजूनही या कामाला योग्य आहेत का हे ठरावीक काळाने पुन्हा बघा. मला यातला शेवटचा भाग महत्त्वाचा वाटतो. पुन्हा बघा. कारण भरती होताना आलेला पोरगा आणि बारा-बारा तास बंदोबस्त, गणपती, निवडणुका, बदल्या, घरापासून लांब राहणं यातून पंधरा वर्षांनी निघालेला माणूस एकच नसतो. मुंबईत २०१६ साली देवनार पोलीस स्टेशनला आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला होता. कल्पना एका शिपायाची होती आणि आयुक्त दत्ता पडसलगीकरांनी ती उचलून धरली. बातमी झाली, कारण पोलिसाने आठ तास काम करणं हीच आपल्याकडे बातमी असते.

बाहेर बघितलं तर नॉर्वेत पोलीस व्हायला तीन वर्षांची पदवी करावी लागते, आणि तरी तिथले पोलीस पूर्वी सहसा कमरेला पिस्तूल लावून फिरत नसत. ब्रिटनमध्ये बहुतेक पोलिसांकडे बंदूकच नसते. ज्यांना देतात त्यांची वेगळी निवड आणि वेगळं ट्रेनिंग होतं. आपली लोकसंख्या, आपले पैसे, सगळं मान्य. आपल्याला तीन वर्षं परवडणार नाहीत. "मला आज बरं नाही" म्हणणाऱ्या माणसाचं हत्यार सहा तास काढून ठेवायला किती पैसे लागतात?

दुसरी बाजूही आपल्याच जिल्ह्यातली आहे. १६ एप्रिल २०२०, गडचिंचले. लॉकडाऊन, मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा, आणि जमावाने दोन साधूंना आणि त्यांच्या ड्रायव्हरला मारून टाकलं. पोलीस तिथे होते. तो व्हिडिओ मी एकदाच बघितला, पुन्हा बघवला नाही. नंतर पोलिसांवर कारवाई झाली, एका सहायक पोलीस निरीक्षकाला बडतर्फ केलं. तेव्हा सगळीकडे हाच प्रश्न होता की पोलिसांनी गोळी का नाही झाडली. तीनच वर्षांनी त्याच जिल्ह्यातून जाणाऱ्या गाडीत उलटं. दोन्ही घटनांना एका तागडीत घालत नाही मी, पण त्या क्षणी वर्दीतल्या माणसाला विचार करायला वेळ नसतो, त्याने आधी शंभर वेळा जे घोकलंय तेच हातून होतं. आपण त्याच्याकडून काय घोकून घेतलंय?

आता जरा अवघड भाग. आतापर्यंत मी व्यवस्थेबद्दल बोललो, ते सोपं असतं. आता स्वतःबद्दल.

२०१९ची विधानसभा निवडणूक, नालासोपारा मतदारसंघ. माझं विधानसभेचं पहिलं मत. क्षितिज ठाकूरांच्या विरोधात शिवसेनेने प्रदीप शर्मांना उभं केलं होतं. एन्काउंटर स्पेशालिस्ट. नाशिकच्या पोलीस अकादमीतल्या १९८३च्या प्रसिद्ध बॅचचे, ज्या बॅचमध्ये विजय साळसकरही होते. शर्मांच्या नावावर शंभराच्या वर एन्काउंटर सांगितले जात. आम्ही पोरं ते आकडे क्रिकेटच्या स्कोअरसारखे बोलायचो. त्यांची रॅली आमच्या रस्त्यावरून गेली तेव्हा मी गॅलरीतून व्हिडिओ काढला आणि स्टेटसला ठेवला, खाली आगीचे इमोजी. मत कुणाला दिलं ते सांगणार नाही, पण स्टेटस मात्र ठेवलं होतं. पाणी दोन दिवसांनी यायचं आमच्याकडे तेव्हा, आणि मी एन्काउंटरवर खूश होतो!

त्या निवडणुकीत शर्मा हरले. आणि १९ मार्च २०२४ ला मुंबई हायकोर्टाने त्यांना लखनभैया प्रकरणात जन्मठेप सुनावली. ११ नोव्हेंबर २००६ ला रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याला वाशीहून उचललं आणि त्याच संध्याकाळी वर्सोव्यात मारलं, एन्काउंटर म्हणून दाखवलं. त्याचा भाऊ वकील होता, तो मागे हटला नाही. खालच्या कोर्टाने २०१३ मध्ये पोलिसांसह २१ जणांना दोषी धरलं पण शर्मांना सोडलं होतं. हायकोर्टाने तो भाग फिरवला. ते पुढे सुप्रीम कोर्टात गेले आहेत, तिथे काय व्हायचं ते होईल. मी फक्त एवढंच बघतोय की ज्या 'स्कोअर'वर मी आगीचे इमोजी टाकले, त्यातला किमान एक हायकोर्टाच्या लेखी खून आहे.

तरी मी शिकलो का? नाही. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाला, ऑगस्ट २०२४. रेल्वे स्टेशनवर लोक उतरले, आठवत असेल. त्यातला आरोपी २३ सप्टेंबर २०२४ ला तळोजा जेलमधून नेताना मुंब्रा बायपासला पोलीस व्हॅनमध्ये मारला गेला. पोलिसांचं म्हणणं, त्याने एका अधिकाऱ्याचं पिस्तूल हिसकावून गोळी झाडली म्हणून स्वसंरक्षणात गोळी घातली. मुंबईत "बदला पुरा"चे पोस्टर लागले. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी पेढ्यांचा फोटो टाकला, मी त्याला अंगठा दिला. माझ्या घरात पाच वर्षांची भाची आहे. त्या दिवशी मला जे वाटलं ते खोटं नव्हतं.

मग हायकोर्टाने जे प्रश्न विचारले ते वाचले. साध्या माणसाला सराव नसताना पिस्तूल असं झटकन चालवता येतं का? व्हॅनमधल्या चार पोलिसांना एक माणूस आवरता आला नाही? गोळी डोक्यातच का, पायावर का नाही? पुढे जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा अहवाल आला, त्यात पाच पोलिसांना जबाबदार धरलं होतं. म्हणजे बघा, हायकोर्ट जे विचारत होतं ते शेवटी ट्रेनिंगचेच प्रश्न आहेत. जर पोलिसांचं म्हणणं खरं धरलं, तर एका बंद गाडीत बेड्या घालून नेलेल्या कैद्याला आपले प्रशिक्षित अधिकारी सांभाळू शकले नाहीत. आणि खरं धरलं नाही, तर मग काय उरतं ते तुम्हीच समजा. शिवाय त्या मुलींना कोर्टात निकाल मिळायचा होता, त्या आरोपीपुरता तो आता कधीच मिळणार नाही.

तारखेची एक गोष्ट मला नंतर कळली. २३ सप्टेंबर २०१४ ला, म्हणजे बरोबर दहा वर्षं आधी, सुप्रीम कोर्टाने एन्काउंटरबद्दल सोळा सूचना दिल्या होत्या. खटला आपल्या मुंबईतलाच. १९९५ ते १९९७ या काळातले ९९ एन्काउंटर, त्यात मेलेले जवळपास १३५ लोक. एफआयआर नोंदवा, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या पोलीस स्टेशनने करावा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी हवीच, हत्यारं तपासणीला जमा करा, आणि एन्काउंटर झाल्या झाल्या बढती किंवा शौर्यपदक देऊ नका. ही शेवटची सूचना आहे ना, ती कोर्टाला लिहावी लागली यातच सगळं आलं. कायदा तर आधीपासून सांगतो, पूर्वी सीआरपीसीचं कलम ४६ होतं, आता नव्या संहितेचं ४३, की अटक करताना लागेल तेवढंच बळ वापरा, आणि ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा नाही त्याला मारायचा हक्क या कलमाने मिळत नाही.

आणि जिवंत पकडणं जमतं हो आपल्या पोलिसांना. २६ नोव्हेंबर २००८, गिरगाव चौपाटी. तुकाराम ओंबळेंच्या हातात लाठी होती. त्यांनी कसाबच्या रायफलची नळी धरली, गोळ्या स्वतःच्या अंगात घेतल्या, आणि मागच्या पोलिसांनी त्याला जिवंत पकडलं. आपला माणूस डोळ्यांदेखत पडलेला असताना. खटला चालला, चार वर्षांनी येरवड्यात फाशी झाली. त्या रात्रीच्या त्या पोलिसांना कुणी स्पेशालिस्ट म्हणत नाही.

परवा रात्री हे सगळं मी मावसभावाला ऐकवत होतो, या भागाची तालीम म्हणून. तो पायाला मूव्ह चोळत ऐकत होता. आधी चिडला. म्हणाला, "दादा, तुम्ही लोक एसीत बसून बोलता. आमचे पंधरा हजार जण एका मैदानात उतरतात, प्रत्येकाचं मन कोण तपासणार?" बरोबर आहे त्याचं. मग म्हणाला, की समजा ट्रेनिंगमध्ये मी सांगितलं की मला झोप लागत नाही, मला भीती वाटते, तर पोरं हसतील आणि साहेब लिहून ठेवतील. तेही बरोबर आहे. मी म्हटलं, मग तू काय करशील? म्हणाला, "गप्प बसेन. काय करणार?"

थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. टीव्हीवर मावशीची सिरियल चालू होती. मग त्याने विचारलं, अगदी हळू आवाजात, म्हणजे मावशीला ऐकू जाऊ नये असं, "दादा, तसली चाचणी ठेवली तर मी पास होईन का रे?"

मी म्हटलं, होशील. ज्याला हा प्रश्न पडतो तो बहुतेक होईल. पण खरं सांगू का, मला माहीत नाही. लहानपणी चिडला की हातात येईल ते फेकायचा तो, माझ्या कपाळावर अजून खूण आहे.

त्याचं ग्राउंड आता जवळ आलंय. गोळा आठ मीटरच्या पुढे जात नाहीये, तेवढंच टेन्शन आहे. तो साडेचारला उठतो म्हणून आम्ही दिवा लवकर बंद केला.

तुमच्या घरात, नात्यात कुणी वर्दीत असेल तर त्यांच्याशी बोला आणि मला लिहा, नाव नको, फक्त एवढंच की त्यांना शेवटचं कधी कुणी विचारलं होतं, तू बरा आहेस का. आलेल्या उत्तरांवर पुढचा भाग करू. विरार आलं बहुतेक तुमचं. सांभाळून उतरा.